अंमलाखाली

पिंपरी कॅम्पातून पवनेवरचा पूल ओलांडला की काळेवाडी लागते. गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर चढवलेले तीन-तीन मजले, मजल्यागणिक भाड्याच्या खोल्या आणि त्या खोल्यांत पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारी माणसं. लातूरचा फिटर, बुलढाण्याचा हेल्पर, कलबुर्गीचा गवंडी आणि गोरखपूरचा वेल्डर एकाच जिन्याने ये-जा करतात. अशा वस्तीत एका गोष्टीला एक शब्द पुरत नाही. नशेतल्या माणसाबद्दल इथे कुणी ‘चढली’ म्हणतं, कुणी ‘तर्र झालाय’, तर कुणी ‘टाइट’, ‘टुन्न’, ‘टल्ली’. गांजाचं असेल तर ‘माल लागलाय’. कॉलेजच्या पोरांच्या तोंडी ‘हाय’ नाहीतर ‘ट्रिप’. पोलिसांच्या कागदात तोच माणूस ‘अमली पदार्थाच्या अंमलाखाली’ असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘नशेखोर’ होतो.

या शब्दांवर स्वतंत्र प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण नशेतल्या माणसाबद्दल आपण जो शब्द उच्चारतो त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. त्याला कुठे न्यायचं, कोणाला बोलवायचं, त्याच्याशी कसं वागायचं, हे सगळं त्या शब्दात आधीच येऊन बसलेलं असतं.

आधी क्रियापदं पाहू. दारू चढते आणि उतरते. ताप चढतो आणि उतरतो. सापाचं विष चढतं, आणि ते उतरवतो म्हणणारे मांत्रिक एके काळी गावोगाव होते. नशा, ताप आणि विष या तिघांना मराठीने एकच क्रियापद दिलं. बाहेरचं काहीतरी अंगात शिरतं, डोक्यापर्यंत पोचतं, डोकं ताब्यात घेतं आणि मुदत भरली की ओसरतं, असं हे चित्र आहे. इंग्रजी वैद्यकात नशेच्या अवस्थेला ‘इन्टॉक्सिकेशन’ म्हणतात. त्याच्या मुळाशी बाणाच्या टोकाला लावायच्या विषाचा ग्रीक शब्द आहे. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना नशा बघून विषच आठवलं.

वाक्याची घडणही बघण्यासारखी आहे. ‘त्याला चढली’, ‘मला झिंग आली’, ‘पहिल्याच झुरक्यात किक बसली’. या वाक्यांत माणूस कर्ता नाही. भूक लागते, झोप येते, हुडहुडी भरते, त्याच साच्यातली ही वाक्यं आहेत: जे घडतं ते माणसावर घडतं. याउलट ‘तो नशा करतो’ हे आता सर्रास ऐकू येणारं, हिंदीच्या वळणाचं वाक्य माणसाला कर्ता करतं. काम करतो, धंदा करतो, तसा नशा करतो. माझ्या मते दोन्ही वाक्यांत अर्धं-अर्धं खरं आहे. पहिला झुरका माणूस घेतो. चारशेवा झुरका त्याला घेत असतो. मधल्या कुठल्या झुरक्याला कर्ता बदलला हे बहुतेकांना कळत नाही, आणि घरच्यांना तर खूप उशिरा कळतं.

हा बदल नेमका पकडणारा शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे ‘अंमल’. अरबीत त्याचा अर्थ काम, कृती. फारसीच्या वाटेने तो दरबारी मराठीत आला आणि राज्यकारभाराचा शब्द झाला. पेशव्यांचा अंमल, इंग्रजी अंमल, कायद्याची अंमलबजावणी. आजही पोलीस ठाण्याच्या दारात पहिल्यांदा ‘ठाणे अंमलदार’ भेटतो. त्याच शब्दाने आपण अफूचा अंमल म्हणतो, भुलेच्या औषधाचा अंमल म्हणतो, आणि त्यावरूनच ‘अमली पदार्थ’. ज्याची सत्ता चालते तो अंमल, मग ती मुलखावर चालो की मेंदूवर.

हा शब्द मला ‘नशा’पेक्षा जास्त खरा वाटतो. त्यात सुरुवात आणि शेवट आहे, कारण अंमल बसतो तसा उठतो. शिवाय त्यात ‘कोणाचा?’ हा प्रश्न आहे. नुसतं ‘नशेत आहे’ म्हणता येतं, पण ‘अंमलाखाली आहे’ म्हटलं की कशाच्या हे सांगावंच लागतं. हा प्रश्न किती मोलाचा आहे ते पुढे येईलच.

अंमल तासांचा असतो. व्यसन वर्षांचं असतं. या दोन गोष्टी आपण फार सहज एकमेकींत मिसळतो. मित्राच्या हळदीत एकदाच पिऊन आडवा झालेला मुलगा अंमलाखाली आहे, पण तो व्यसनी नाही. उलट रोज संध्याकाळी अर्धी बाटली संपवून सरळ चालत घरी येणाऱ्या माणसाबद्दल घरचे कौतुकाने सांगतात, ‘किती पण घेऊ दे, कधी टाइट दिसत नाही.’ हे कौतुक करण्यासारखं नाही. जी मात्रा पूर्वी लोळवत होती ती आता पुरत नाही, याचा अर्थ मेंदू त्या पदार्थाला सरावला आहे. डॉक्टर व्यसनाचं निदान करताना जी लक्षणं पाहतात त्यांत हे एक महत्त्वाचं लक्षण आहे. न चढणं हीच धोक्याची खूण.

‘व्यसन’ हा संस्कृत शब्द. कौटिल्याने अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर लिहिलं आहे, आणि तिथे व्यसन म्हणजे राज्यावर कोसळलेलं संकट. राजाची शिकार, द्यूत, स्त्री आणि मद्यपान ही कामज, म्हणजे वासनेतून उपजणारी, व्यसनंही तो त्यातच धरतो. दारू पिणारा राजा म्हणजे राज्यावरची आपत्ती, दुष्काळ आणि पुरासारखीच. नंतरच्या मराठीने त्याला ‘अधीन’ जोडून ‘व्यसनाधीन’ केलं, आणि बोलीने त्याहून कठोर वाक्प्रचार घडवला: ‘दारूच्या आहारी गेला’. आहार म्हणजे अन्न. शब्दशः वाचलं तर दारू खाणारी आणि माणूस तिचं अन्न. इंग्रजी ‘अ‍ॅडिक्ट’ शब्दाचं मूळ रोमन कायद्यात आहे. कर्ज फेडता आलं नाही म्हणून न्यायालयाने सावकाराच्या स्वाधीन केलेल्या माणसाला लॅटिनमध्ये ‘अ‍ॅडिक्टस’ म्हणत. अंमल, अधीन, आहारी, स्वाधीन. सगळीकडे मालक बदललेला आहे.

पण एवढंच असतं तर नशेचे शब्द आपण भीतीनेच उच्चारले असते. तसं होत नाही. ‘मस्त’ हा फारसी शब्द नशेत असलेल्याचा. आज आपण चहाला मस्त म्हणतो, पावसाला मस्त म्हणतो. ‘कैफ’ अरबीत नुसती स्थिती, मग बरी स्थिती, मग नशा. मराठी कवींनी त्याला प्रेमाचा आणि यौवनाचा कैफ केलं. संस्कृतातला ‘मद’ हत्तीच्या गंडस्थळातून वाहतो, आणि त्याच धातूची प्राकृतातून आलेली वाट ‘माजणे’पर्यंत पोचते. म्हणून म्हैस माजावर येते, आणि पैसा हातात खेळू लागला की माणसाला माज येतो. २०१६ साली ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’ने तर मराठी झिंग देशभरच्या वरातींत नेली.

भाषेने नशेचा शब्द आनंदाला लावला, याला मेंदूत आधार आहे. गांजातला मुख्य परिणामकारक घटक, टीएचसी, १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा काढला. तो मेंदूतल्या ज्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टर्सना, जाऊन चिकटतो ते ग्राहक नंतर सापडले. मग प्रश्न पडला की गांजासाठी मेंदूत आधीपासून जागा कशी? उत्तर १९९२ साली मिळालं. मेंदू स्वतःच तशा प्रकारचा एक रेणू तयार करतो. तो शोधणाऱ्यांनी संस्कृतातला ‘आनंद’ उचलून त्याला ‘आनंदामाइड’ नाव दिलं. भूक, स्मृती, वेदना, मनाचा तोल या सगळ्यांत या यंत्रणेचा हात असतो. गांजा तिथे बाहेरून येऊन बसतो. अफूच्या कुळातले पदार्थही असेच, शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांच्या जागा बळकावतात. गादी आधीपासून होती, तिच्यावर परक्याचा अंमल बसला.

आता १९८० च्या दशकात येऊ. मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पसरलं आणि मराठीला त्याच्यासाठी शब्द मिळाला: ‘गर्द’. फारसीत गर्द म्हणजे धूळ. पुडीतली ती तपकिरी पूड बघून हे नाव का पडलं असेल ते कळतं. अनिल अवचटांनी या विषयावर लिहिलं, त्यांचं पुस्तकही याच नावाने निघालं, आणि मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात हा शब्द पोचला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

त्याच काळात ‘गर्दुल्ला’ हा शब्दही रुळला. मळकट कपड्यांतला, पुलाखाली पन्नी पेटवून धूर ओढणारा, पाकीट मारणारा अशी त्याची प्रतिमा झाली. शब्द घट्ट झाला आणि आतला माणूस दिसेनासा झाला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात वेगळे शब्द आले. तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. पुन्हा एकदा पिणं किंवा ओढणं झालं तर ‘बिघडला’ न म्हणता ‘स्लिप झाली’ म्हणतात, कारण घसरलेला माणूस उठून उभा राहू शकतो. आणि गर्द बंद केल्यावर अंगात जे उठतं त्याला ‘टर्की’. नाक-डोळे गळतात, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा येतो, हाडं ठणकतात, पोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते टोकाला जातं आणि साधारण आठवड्यात ओसरतं. हे माहीत नसलेला बाप म्हणतो, ‘नाटकं करतोय.’ माहीत असलेला बाप त्याच्याजवळ बसून राहतो. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

‘नशा’ म्हटलं की आपल्याला चैन दिसते, हा आणखी एक घोटाळा. कामगार वस्तीत नशा पुष्कळदा कामासाठी, झोपेसाठी, दुखणं दडपण्यासाठी येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला ‘बाळागोळी’ देऊन जात. त्या गोळीत अफू असे. बाळ गुंगीत पडून राही आणि आई दहा तास साच्यावर उभी राही. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगापुढेही ही प्रथा आली. त्या आयांना कोणी नशेखोर म्हणणार नाही, आणि त्या बाळांना तर नाहीच. पाळणाघर नव्हतं म्हणून अफू होती.

आजच्या पिंपरी-चिंचवडमध्ये पदार्थ बदलले आहेत. इथल्या पोलिसांच्या कारवायांत मेफेंटरमाइनची इंजेक्शनं सापडतात. हे औषध मणक्यात भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असतं. व्यायामशाळेत ताकद वाढते असं सांगून ते तरुणांना विकलं जातं. झोपेच्या गोळ्या आहेत, कोडीनचं खोकल्याचं औषध आहे, शाळकरी मुलांच्या हाती पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर आहे. आणि मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’ आहे.

एमडी हा या पट्ट्यातला सर्वांत नवा आणि सर्वांत फसवा शब्द. कारखान्यांच्या गावात एमडी म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर आणि दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरची पदवी. मुलाच्या फोनवर ही दोन अक्षरं आईने वाचली तरी तिला काय कळणार? १९२९ साली प्रयोगशाळेत तयार झालेला हा पदार्थ सत्तरेक वर्षं अडगळीत होता. भारतात तो फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. त्याची ५० ग्रॅम ही मात्रा कायद्याने व्यापारी ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणजवळ पिंपरी-चिंचवड पोलिसांनी पकडला तो सुमारे २० किलो होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो सापडला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाला पेनिसिलिन मिळू लागलं. तेव्हापासून या भागात ‘ड्रग’ म्हणजे जीव वाचवणारं औषध होतं. रसायनं, रिअ‍ॅक्टर, कुशल हात हे सगळं जिथे असतं, तिथेच दुसऱ्या प्रकारचं ड्रगही बनू शकतं. औद्योगिक पट्ट्याने ही जबाबदारी ओळखायला हवी.

आता ‘कशाचा अंमल?’ या प्रश्नाकडे येतो. सगळ्या पदार्थांना आपण एकच ‘नशा’ म्हणतो, पण शरीरात ते एकमेकांच्या उलट वागतात. गर्दाच्या अंमलाखाली डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि माणूस श्वास थांबून मरतो. एमडीच्या अंमलाखाली बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते, अंग तापतं, जबडा आवळतो, दोन-दोन रात्री झोप येत नाही आणि संशय डोक्यात शिरतो. गांजात डोळे लाल, घसा कोरडा, भूक वाढलेली आणि वेळ ताणल्यासारखा वाटतो, कधी हसू आवरत नाही तर कधी जिवाची भीती बसते. सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाचं हृदय अचानक बंद पडू शकतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेतली तर दोघींचा अंमल एकमेकींना वाढवतो.

गर्दाच्या जादा मात्रेवर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. ते वेळेत मिळालं तर थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत येतो. एमडीवर असा उतारा नाही. तिथे अंग थंड करावं लागतं, झटके थांबवावे लागतात. म्हणून इथल्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या अपघात विभागात मुलाला आणून ‘काहीतरी नशा केलीय’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांची पहिली मोलाची मिनिटं शोधण्यात जातात. ‘चक्कर आली’, ‘जेवणातून काहीतरी झालं’ असं सांगितलं तर आणखी जातात. लाजेने सांगितलेला खोटा शब्द जीव घेऊ शकतो.

उलट बाजूही सांगायला हवी. रोज दारू पिणाऱ्याला खोलीत कोंडून अचानक दारू तोडली तर हात थरथरतात, आकडी येऊ शकते, भास होतात आणि त्यात मृत्यूही येतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. गर्दाची टर्की भयंकर दिसते, पण धडधाकट माणसाचा जीव त्यात सहसा जात नाही. दारूची टर्की मात्र जीव घेते. घरगुती धाक इथे कामाचा नाही, डॉक्टरांची देखरेख लागते.

शेवटी कायद्याचा शब्द. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेला अमली पदार्थांचा कायदा बोलण्यात ‘एनडीपीएस’. मराठीत त्याच्या नावात ‘गुंगीकारक’ असा शब्द आहे, जरी एमडीसारखे पदार्थ गुंगी आणण्याऐवजी झोप उडवत असले तरी. तो फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा मानतो. शेंड्यांविना आलेली पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा हिशोब वेगळा. सेवनाला शिक्षा आहेच. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि ते काळेवाडीच्या प्रत्येक जिन्यावर लावावं असं मला वाटतं. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. बातमी ज्याला ‘नशेखोर’ म्हणते, त्याला कायदा इथे रुग्ण मानायला तयार आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात, खोलीवर, कारखान्याच्या गेटवर कुणी अशा अवस्थेत दिसला तर त्याला नाव ठेवण्याआधी पदार्थाचं नाव विचारा. काय घेतलं, किती, कधी, आणि सोबत दारू होती का, हे विचारा. जवळ पडलेली पुडी, गोळ्यांचं पाकीट, इंजेक्शनची बाटली सोबत घ्या. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि १०८ ला फोन करा. अंमल उतरल्यावर व्यसनाबद्दल बोलायला १४४४६ हा सरकारी नशामुक्तीचा निःशुल्क क्रमांक आहे.